कोणाच्या डावीकडे

वसतिगृह, खोली नंबर अकरा
९ जानेवारी

आत्या,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे. पण आज डोकं इतकं तापलंय की नमस्कार शेवटी करीन, तोवर थांब.

आधी चांगली बातमी. मी कॅप्टन झाले! सरांनी सगळ्यांसमोर माझ्या दंडाला निळी पट्टी बांधली. पट्टी सैल आहे, पिन लावून घट्ट केली. बाबांना मी कळवीनच, पण तुला आधी, कारण घरात फुटबॉल कळतो तो तुला एकटीला.

आता तापायचं कारण. उत्सवाचा सामना पंधरा फेब्रुवारीला आहे, दरवर्षीसारखा टेकडीवरच्या शाळेशी. तू याच शाळेत शिकलीस, तुला काय सांगायचं? तीन दिवस नाटकं होतात, चित्रं लागतात, विज्ञानाचे तक्ते लागतात, पण माणसं लोटतात ती शेवटच्या दिवशी मुलींच्या फुटबॉलला. काल आम्ही त्यांच्या मैदानावर सरावाचा सामना खेळायला गेलो होतो. आमच्या गोलकीपरच्या हातून एक चेंडू सुटला, झालं! त्यांच्या पोरी बाकांवर उभ्या राहून ओरडायला लागल्या, "गाळणी गं गाळणी, अजून किती गाळशील!" लहान पोरींपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांना पाठ. आमची गोलकीपर परत येताना बसमध्ये रडली.

ही गाळणी कोण, म्हणून मी सगळ्यांना विचारलं. सर म्हणाले, मी नोकरीला लागलो त्याच्या आधीपासून ओरडतात. शिपाईकाका म्हणाले, "होती कुणीतरी जुनी पोरगी, तिने सामना घालवला." नाव कुणालाच माहीत नाही. तुला माहीत असेल. कोण होती गं ती बावळट?

आणखी एक. त्यांच्या खेळाच्या बाई आहेत, काटकुळ्या, त्यांना सगळे पेन्सिलबाई म्हणतात. त्या सारख्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी बाबांचं नाव सांगितलं तर गळ्यातली शिट्टी नुसती हातात धरून राहिल्या. हाफटाइम झाला तरी वाजवली नाही.

नमस्कार.
तुझी भिंगरी


कारखाना, दुपारची सुट्टी
१४ जानेवारी

भिंगरे,

कॅप्टन झालीस, माझं ऊर भरून आलं. पिन नको लावूस, पडलीस तर दंडात घुसेल. आतल्या बाजूने दोन टाके घाल. शिवणाऱ्या आत्याची भाची आणि पिना लावते!

ती बावळट मी.

आता खाटेवर नीट बस आणि वाच. हे दादाला, म्हणजे तुझ्या बाबाला, अर्धंच माहीत आहे. त्याच्याकडे बोलू नकोस.

मी तुझ्या शाळेची गोलकीपर होते. तेव्हा मला गाळणी म्हणत नसत. मला "भिंत" म्हणत. सलग दोन वर्षं उत्सवाच्या सामन्यात माझ्यावर एक गोल झाला नव्हता. माझ्यापुढे बचावाला खेळायची ती माझी जिवलग मैत्रीण, पेन्सिल. हो, तीच. आम्ही एका ताटात जेवायचो, एका चादरीत अभ्यास करायचो. शाळेत चेंडू एकच होता, तो फाटला की वसतिगृहाच्या जिन्यात बसून आम्ही दोघी शिवायचो. मी आज ज्याच्यावर पोट भरते ते काम तिथे शिकले.

एकतीस वर्षांपूर्वीचा सामना. शून्य-शून्य. संपायला दोन मिनिटं. तेव्हा गोलाला जाळी नव्हती, नुसते दोन लाकडी खांब. म्हणून गोलाच्या मागे एक जादा पंच उभा करायचे. टेकडीवाल्यांच्या पोरीने चेंडू मारला, मी माझ्या उजव्या हाताला सूर मारला. खांब माझ्या बोटांना लागला आणि चेंडू खांबाच्या पलीकडून, उजवीकडून, बाहेर गेला. हे मला आज माझी बोटं सांगतात. पण धूळ उडालेली, आणि मागचा पंच नेमका चष्मा पुसत होता! त्याने पाहिलंच नाही. त्याने पेन्सिलला विचारलं, कारण ती सगळ्यात जवळ होती. "पोरी, खरं सांग. चेंडू खांबाच्या कुठल्या बाजूने गेला?"

आणि ती म्हणाली, "डावीकडून."

डावीकडून! म्हणजे आतून. गोल. आपल्याच शाळेची पोर आपल्याविरुद्ध सांगते म्हटल्यावर पंच कशाला शंका घेतोय? त्याने हात वर केला. तिला एवढ्यावर समाधान नव्हतं. ती पंचाच्या मागे धावत गेली, घसा फुटेस्तोवर ओरडत, "अहो, डावीकडून! डावीकडून!" पंच म्हणाला, "ऐकलं, ऐकलं." तिला इतकी घाई झाली होती मला बुडवायची.

त्या संध्याकाळपासून मी गाळणी. वर्गात, पाणी भरताना, पायऱ्या उतरताना. मला शाळेत खेळाची बाई व्हायचं होतं, शिकून. वर्ष पुरं करू शकले नाही, शाळा सोडली. पेन्सिल पुढच्याच वर्षी टेकडीवरच्या शाळेत गेली. आयती सोय झाली तिची, यावरून काय समजायचं ते समज. आज तीच तिथे खेळाची बाई आहे. माझ्या जागेवर.

मी तिच्याशी त्या दिवसापासून एक शब्द बोललेली नाही. तिने चार वेळा बोलायचा प्रयत्न केला, मी पाठ फिरवली. एकदा कुणीतरी तिच्या पाठीवर खडूने "फितूर" लिहिलं आणि ती दिवसभर तशीच शाळाभर हिंडली. कुणीतरी म्हणजे मी. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. आता या सामन्यात त्यांची नांगी ठेच.

तुझी
आत्या


वसतिगृह, खोली नंबर अकरा
१९ जानेवारी

आत्या,

मी तुला बावळट म्हटलं. मी माझ्याच थोबाडीत मारून घेतली, खरंच, दोन. खोलीतल्या मुली घाबरल्या.

मला झोप लागत नाही. जेवणाच्या रांगेत उभी असले तरी तेच. मी ठरवलंय. हा सामना मी जिंकणार आणि जिंकल्यावर मैदानाच्या मधोमध उभी राहून त्या पेन्सिलबाईला ओरडून सांगणार की गाळणीला नाव आहे, आणि ती माझी आत्या आहे. पुन्हा त्या टेकडीवर कुणी तो शब्द उच्चारून दाखवावा!

पण एक अडचण आहे. त्यांची गोलकीपर फार भारी आहे, लांबलचक हातांची. पेन्सिलबाई तिला रोज सकाळी एकटीला शिकवतात. कुंपणाबाहेरून मी बघितलं. ती बाई स्वतः चेंडू मारते, पन्नास-पन्नास वेळा, आणि दर वेळी ओरडते, "भिंत हो, भिंत!" तुझा शब्द चोरून दुसऱ्याच पोरीला दिलाय तिने. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला.

मी पेनल्टी मारायचा सराव करते. दहांतले सहा आत जातात. सर म्हणतात आठ हवेत.

तू ये ना सामन्याला.

भिंगरी


कारखाना
२ फेब्रुवारी

भिंगरे,

येणार नाही. त्या मैदानावर मी पाय ठेवणार नाही. पण माझ्याऐवजी दुसरं काहीतरी येतंय, ते नीट ऐक. वाचून झालं की पत्र फाड.

"भिंत" वाचलं आणि माझ्या हातून कातडं टोचायची आरी निसटली, अंगठ्यात गेली. हे अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे. तिने माझी शाळा घेतली, नोकरी घेतली, नावसुद्धा ठेवलं नाही माझ्याकडे.

दुसऱ्याच दिवशी मुकादमाने माझ्यापुढे कागद ठेवला. उत्सव समितीची मागणी: सामन्याचा चेंडू, एक, पांढरा, सीलबंद खोक्यात. सामन्याचे चेंडू इथे माझ्याकडेच येतात, कारण माझी शिवण उसवत नाही. मी हो म्हटलं आणि तुकडे निवडायला बसले.

चेंडूला बत्तीस तुकडे असतात. एकतीस मी नेहमीचे घेतले. वॉल्व्हच्या शेजारचा बत्तिसावा जनावराच्या मानेच्या जाड कातड्याचा घेतला, वरून घासून गुळगुळीत केला. बाकीचे आतून थोडे थोडे तासले, म्हणजे काट्यावर वजन बरोबर भरेल. मुकादमाने तोलला, फुगवला, शिक्का मारला. बावीस वर्षांत मी एक वाकडा चेंडू बाहेर जाऊ दिला नव्हता. हा दिला.

मग जेवणाच्या सुट्टीत आमच्या कातडं कापणाऱ्याला मागच्या आवारात नेलं. रंगाची दोन रिकामी पिंपं ठेवली आणि मध्ये मी उभी राहिले. किती वर्षांनी! गुडघे कुरकुरले, पण हात आपोआप पसरले. त्याला सांगितलं, वॉल्व्ह तुझ्याकडे ठेव आणि सरळ मार. त्याने बारा वेळा मारला. बाराही वेळा चेंडू निम्म्या वाटेपर्यंत सरळ आला आणि मग हातभर डावीकडे वळला. मला माहीत असून मी त्यातले सात सोडले. ती पोर काय अडवणार?

खेळ चालू असताना कुणाला कळणार नाही, चेंडू गडगडत असतो. पण पेनल्टी मिळाली की वॉल्व्ह आपल्याकडे ठेवायचा. उजव्या खांबाच्या हातभर बाहेर नेम धरायचा आणि जोरात मारायचा. गोलकीपरला वाटेल बाहेर चाललाय, ती हलणारही नाही. आणि शेवटच्या क्षणी तो डावीकडे वळून आत शिरेल. पेन्सिलच्या डोळ्यांदेखत. तिच्या भिंतीला भोक पडलेलं तिला बघू दे. पुढची एकतीस वर्षं तिच्या पोरीला गाळणी म्हणू दे.

लक्षात ठेव: उजव्या खांबाबाहेर नेम, डावीकडे वळण.

आत्या


वसतिगृह, खोली नंबर अकरा
६ फेब्रुवारी

आत्या,

पत्र फाडलं. तुकडे नळाखाली भिजवून मग टाकले.

खरं सांगू, पत्र मी मध्येच खाली ठेवलं. ही लबाडी आहे ना? मग त्यांचं ओरडणं आठवलं, आणि तू पिंपांमध्ये उभी राहिलेली डोळ्यांसमोर आली, आणि पुढचं वाचलं. त्यांनी आधी लबाडी केली. आपण फक्त परत करतोय.

उजव्या खांबाबाहेर नेम, डावीकडे वळण. दात घासतानासुद्धा पाठ म्हणते.

भिंगरी


वसतिगृह
१७ फेब्रुवारी

आत्या,

तुझ्या चेंडूने मला कुठलं कुठे नेऊन सोडलं ते ऐक. मी तुला पत्र लिहिणार नव्हते. पण रागाने माझं डोकं फुटेल, म्हणून लिहिते.

एक-एक अशी बरोबरी होती. दोन मिनिटं उरली होती, बघ, अगदी तुझ्यासारखीच. त्यांच्या पोरीच्या हाताला चेंडू लागला आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. माणसं कुंपणावर चढली होती. मी चेंडू ठेवला. वॉल्व्ह माझ्याकडे. गोलकीपरकडे बघितलं, पेन्सिलबाईंकडे बघितलं, आणि मनात म्हटलं, ही घ्या तुमची गाळणी. उजव्या खांबाच्या हातभर बाहेर नेम धरला. जितका जोर होता तितका लावला.

गोलकीपर हलली नाही. तू म्हणाली होतीस तशी. चेंडू निम्म्यावर गेला आणि वळला. उजवीकडे!! बाहेर होता तो आणखी बाहेर गेला, आणि थेट बँडवाल्यांच्या मोठ्या ड्रमवर जाऊन आपटला. धम्म! सगळं मैदान हसलं. आमच्या शाळेची माणसंसुद्धा हसली. मी जागच्या जागी उभी. तेवढ्यात त्यांनी कडेचा राखीव चेंडू घेतला, आमच्या पोरी अजून ड्रमकडेच बघत होत्या, आणि त्यांनी गोल केला. दोन-एक.

आता मला "नेमबाज" म्हणतात. टेकडीवर नाही, इथे, आमच्या वसतिगृहात. अंघोळीच्या रांगेत. सरांनी पट्टी काढून घेतली. ओरडले नाहीत, नुसती काढून घेतली. तू सांगितलेले दोन टाके त्यांना कात्रीने कापावे लागले.

आणि ऐक, एवढ्यावर भागलं नाही. पंच म्हणाले, चेंडू विचित्र वळला, तपासायला पाहिजे. आमचे सरच पुढे होऊन म्हणाले, हो, तपासा! ड्रमपाशी पडलेला चेंडू आधी पेन्सिलबाईंनी उचलला. हातात फिरवला. वॉल्व्हजवळच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग जमिनीवर हळूच सोडून बघितला, तो कडेला गेला. त्यांना सगळं कळलं, आत्या, मी त्यांचा चेहरा बघितला. मला वाटलं, आता ही बाई आपल्याला सगळ्यांसमोर उभं करणार.

त्या चेंडू घेऊन पंचांकडे निघाल्या, आणि गुणफलकापाशी त्याला लागलेल्या मोठ्या खिळ्यावर त्यांनी तो दाबला. फस्स. "अगंबाई, लागला वाटतं," म्हणाल्या. हवा गेलेला चेंडू काय तपासणार? त्यांनी तो काखेत मारला.

जाताना माझ्याजवळ थांबल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "शेवटच्या टाक्याला तीन वेढे देणारी मला एकच माहीत आहे. बरी आहे का ती?"

याचं उत्तर तूच दे. आणि मला हेही सांग, तू माझ्याशी असं का केलंस? डावीकडे म्हणालीस!

भिंगरी


कारखाना
२१ फेब्रुवारी

भिंगरे,

रडू नकोस. मी तुझ्याशी का असं करीन? पण चेंडू डावीकडेच वळतो. मी बारा वेळा बघितलाय, माझ्या या डोळ्यांनी. तू वॉल्व्ह उलटा ठेवला असशील, नाहीतर घाबरून पाय वाकडा पडला असेल. माझ्या शिवणीला दोष देऊ नकोस.

आणि त्या बाईचं कौतुक मला सांगू नकोस. तिने चेंडू फोडला तो स्वतःचा विजय टिकावा म्हणून. सामना रद्द झाला असता तर जिंकलेलं हातचं गेलं असतं. मी ओळखते तिला.

आत्या


वसतिगृह
२४ फेब्रुवारी

आत्या,

कोणाच्या डावीकडे?

मारणारीच्या, की अडवणारीच्या?

मी काल सरावाचा चेंडू मैदानावर ठेवला आणि आधी मारायच्या जागी उभी राहिले, मग गोलात जाऊन उभी राहिले. तू पिंपांमध्ये उभी होतीस. तुझी डावी ती माझी उजवी. तुझा उजवा खांब तो माझा डावा. तू सगळं जग गोलात उभी राहून बघतेस, आणि समोरच्यालाही तसंच दिसतं असं धरून चालतेस.

चेंडू तू शिवलास, नेम तू सांगितलास, आणि पाय माझा वाकडा! याचं उत्तर येईपर्यंत मी तुला पत्र लिहिणार नाही.

भिंगरी


कारखाना
१२ मार्च

माझ्या भिंगरे,

अडवणारीच्या.

उत्तर एका शब्दाचं होतं. ते लिहायला मला सोळा दिवस लागले, कारण तुझा प्रश्न वाचला आणि मी शिवायची थांबले. गुडघ्यांत अर्धा चेंडू, दोन्ही हातांत सुया, आणि मी तशीच बसून. मुकादमाने दोनदा विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, कागद द्या.

त्याने पॅकिंगचा खाकी कागद दिला. मी त्यावर आरीने दोन भोकं पाडली. हे दोन खांब. मागे चष्मेवाल्या पंचाचं टिंब, मध्ये माझं. आमचं दोघांचं तोंड मैदानाकडे. माझ्या उजव्या खांबाच्या डावीकडून म्हणजे गोलाच्या आतून, हे मलाही तसंच, त्यालाही तसंच. मग पेन्सिलचं टिंब काढलं. ती बचावाला होती, चेंडूच्या मागे धावत आली होती. तिचं तोंड कुठे होतं? मी कागद उलटा फिरवला आणि तिच्या जागेवरून बघितलं.

तिच्या जागेवरून तो खांब डावा. आणि त्याच्या डावीकडून म्हणजे बाहेरून.

भिंगरे, ती खरं बोलत होती. पंचाने हात वर केला तेव्हा तिला वाटलं असणार, याला ऐकू आलं नाही. म्हणून ती घसा फोडून ओरडत त्याच्या मागे धावली. माझ्यासाठी. आणि जितकी ओरडली तितका गोल पक्का होत गेला. मी तिथेच होते. एकदा, फक्त एकदा, मी विचारायला हवं होतं, कोणाच्या डावीकडे? पंधरा वर्षांची पोर विचारते, आणि मला एकतीस वर्षांत सुचलं नाही.

मला अजून राग येतोय. सवय झालीय, तो जायला तयार नाही. पण आता तो काढायचा कुणावर? तो चष्मा पुसणारा पंच केव्हाच गेला. उरले मी. मी तिच्या पाठीवर खडूने लिहिलं तेव्हा ती मागे वळली नव्हती, थांबली होती, एवढं आठवतंय. खडू टेकलेला तिला कळला असेल का, हे सोळा दिवस मनातून जात नाही.

तुझी पट्टी माझ्यामुळे गेली. मी तुझ्या सरांना सगळं लिहून कळवते. इथली नोकरी जायची असेल तर जाऊ दे. "नेमबाज" म्हणणाऱ्या पोरींना सांग, नेम बरोबर होता, सांगणारी उलटी होती.

तिलाही एक चिठ्ठी लिहिली आहे. जास्त लिहायची हिंमत झाली नाही.

आत्या


१२ मार्च

पेन्सिल,

तेव्हा तू कुठे तोंड करून उभी होतीस?

गाळणी


टेकडीवरची शाळा
१९ मार्च

प्रिय भिंत,

तुझं पत्र घेऊन पोस्टमन आला तेव्हा मी मुलींना पळवत होते. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि शिट्टी वाजवायची राहिली. पोरी अजून पळताहेत.

आधी कामाचं. सरांना पत्र लिहायचा शहाणपणा करू नकोस. तुझ्या भाचीने मला परवा येऊन सगळं सांगितलं, सायकलवरून, टेकडी चढून, न रडता. ती अगदी तुझ्यासारखी आहे, फक्त विचारते. मी लगेच खाली जाऊन तिच्या सरांना सांगितलं की चेंडूची शिवण कच्ची होती, म्हणून तो वळला, पोरीचा दोष नाही. पट्टी तिला परत मिळाली. तुझ्या शिवणकामाची अब्रू गेली. ती मी मुद्दाम घालवली, एवढं तरी माझं उट्टं निघू दे.

माझंही काही होतं, भिंत. तुला वाटलं असेल मी टेकडीवर सुखाने आले. तुमच्या शाळेत माझ्याशी कुणी बोलायला तयार नव्हतं. ज्या बाकावर मी बसायचे तो रिकामा व्हायचा. खडूने माझ्या पाठीवर लिहिलं ते मला घरी गेल्यावर आईने दाखवलं. कुणी लिहिलं, तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. अक्षर तुझं होतं. आपण एकाच वहीत लिहायचो, मला कळणार नाही का? तो फ्रॉक मी धुतला नाही, टाकून दिला. आणि तुझा राग मी एक दिवसही सोडला नाही. मी भिंत, भिंत ओरडत पोरी घडवल्या त्या तुझ्या शाळेला हरवायला. एकवीस वेळा हरवलं. तुझी पोर ड्रमवर चेंडू मारून गेली तेव्हा क्षणभर मलाही हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? मग चेंडू हातात घेतला आणि तीन वेढे लागले बोटांना.

चेंडू माझ्याकडे आहे. आतला रबरी फुगा बदलून घेतला, टाके मीच घातले, जिन्यात बसून घालायचो तसे. पुढच्या रविवारी सकाळी मैदान रिकामं असतं. तू ये. गोलात उभी राहा. वॉल्व्ह माझ्याकडे ठेवून मी मारणार आहे, आणि दया दाखवणार नाही. या पोरी आता ओरडणार नाहीत. काल मी त्यांना रांगेत उभं करून सांगितलं की गाळणी कुणी नव्हतीच. तो गोलच नव्हता.

तू विचारलंस, मी कुठे तोंड करून उभी होते.

तुझ्याकडे. पाठ तू फिरवलीस.

पेन्सिल